डासांचा नकाशा : एलिचपूर ते अलीगंज

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचा संसार दर तीन-चार वर्षांनी उठतो आणि नव्या गावी मांडला जातो. नव्या गावात पाऊल ठेवताच प्रथम चौकशी होते ती तीन गोष्टींची : पाणी कसे आहे, मुलांची शाळा किती लांब आहे, आणि डास आहेत काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गावोगाव निराळी मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र सर्वत्र एकच, आणि ते देताना शेजारी हसतात. लखनौस गोमतीच्या उत्तरेकडील अलीगंजात आम्ही बिऱ्हाड केले तेव्हाही तसेच झाले. आम्हीही हसलो, मच्छरदाण्या काढल्या आणि तो विषय संपला असे समजलो.

तो संपला नव्हता हे कळावयास एक पावसाळा जावा लागला. ज्येष्ठातल्या मंगळवारांना हनुमानाच्या जुन्या देवळाकडे लोटणारी गर्दी ओसरली, पाऊस लागला, आणि उन्हाळाभर घरघरणारा कूलर आम्ही बंद केला. बंद केला, पण रिता केला नाही. भाद्रपदातील एका सकाळी दारात एक मध्यमवयीन गृहस्थ उभे राहिले. हातात लांब दांड्याची पळी, खांद्याला झोळी, खिशात विजेरी. घरात कोठे पाणी साचले आहे काय, असे त्यांनी विचारले. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाच्या सहज आत्मविश्वासाने आम्ही उत्तर दिले, ‘‘नाही.’’ ते काही बोलले नाहीत. त्यांनी कूलरच्या मागील झडप उघडली, पळीभर पाणी काढले आणि उजेडात धरले. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. बहुतेक डोके खाली करून तिरक्या लोंबकळत होत्या. दोन-चार मात्र पृष्ठभागाशी समांतर, जणू पाण्यावर आडव्या पडल्या होत्या. त्या आडव्या अळीकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘‘ये जो लेटा हुआ है, साहब, यही मलेरियावाला है.’’

अळ्या त्यांनी कुपीत घेतल्या, चिठ्ठीवर जागा, तारीख आणि वेळ लिहिली व ती कुपीला बांधली. आम्ही शरमेने त्यांचा हुद्दा विचारला. ‘‘इन्सेक्ट कलेक्टर,’’ ते म्हणाले. जिल्ह्याला कलेक्टर एकच असतो अशी आमची आजवरची समजूत होती. ही चिठ्ठी कोठे जाते, तिचे पुढे काय होते, आणि अशा चिठ्ठ्या प्रथम कोणी व का लिहिल्या, हे शोधण्याचे आम्ही त्या दिवशी मनावर घेतले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण या इतिहासाचे एक टोक आपल्या वऱ्हाडात आहे.

हिवतापाच्या कथेचा आरंभ सर्वांस ठाऊक आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली. पुढील वर्षी कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग केले आणि जंतू डासाच्या लालापिंडापर्यंत कसा पोहोचतो व दंशातून पुन्हा कसा बाहेर पडतो, हे संपूर्ण चक्र उलगडले. माणसाच्या बाबतीत हेच काम ॲनॉफेलीस जातीचा डास करतो, हे इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवकरच दाखविले. तथापि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सिकंदराबादेच्या त्या डासाचे शास्त्रीय नाव रॉस यांना सांगता आले नव्हते. ठिपकेदार पंखांचा डास एवढेच वर्णन त्यांनी केले. हिंदुस्थानात ॲनॉफेलीसचे प्रकार किती, ते राहतात कोठे आणि त्यांपैकी खरे अपराधी कोणते, याची नोंद त्या वेळी कोणाच्याच दप्तरी नव्हती. अपराध सिद्ध झाला होता. अपराध्याचे नाव आणि गाव अद्याप लिहावयाचे होते.

ते लिहिण्याचे काम १९०१ पासून वेगाने सुरू झाले. त्या वर्षी जाइल्स यांनी ‘क्युलिसिफेसीस’ या प्रकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. उत्तर व मध्य हिंदुस्थानातील खेड्यांचा हिवताप मुख्यतः याचाच, हे पुढे ठरले. १९०२ मध्ये जेम्स यांनी डोंगरी ओढ्यांतील ‘फ्लुव्हिॲटिलिस’ नोंदविला. आणि १९०१ मध्येच वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर, येथे विल्यम ग्लेन लिस्टन नावाच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील वैद्यकाने ॲनॉफेलीस डासांच्या सवयींचे वर्षभर निरीक्षण करून आपला अनुभव प्रसिद्ध केला. एलिचपुरास त्यांना जो एक नवा प्रकार मिळाला, त्याला त्यांनी इंग्लंडहून हिवतापाच्या संशोधनार्थ आलेल्या स्टीफेन्स यांचे नाव दिले. तो ‘ॲनॉफेलीस स्टीफेन्साय’ होय. लिस्टन पुढे मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत गेले आणि प्लेगच्या बाबतीत उंदरावरील पिसवांचा संबंध दाखविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९०४ मध्ये जेम्स आणि लिस्टन या दोघांनी मिळून हिंदुस्थानातील ॲनॉफेलीस डासांवरचा ग्रंथ काढला.

ही ओळख पटविण्याचे काम किती बारकाईचे आहे याची कल्पना सामान्य माणसास येणार नाही. क्युलिसिफेसीस आणि फ्लुव्हिॲटिलिस हे दोन्ही लहानखुरे, काळपट डास. पंखावरील तिसरी शीर बहुतांशी काळी असेल तर पहिला, आणि बहुतांशी फिकी असेल तर दुसरा. एवढ्या एका केसभर रेषेवर पुढचे सगळे अवलंबून असते. पहिला पाटाच्या, विहिरीच्या, भातखाचरांच्या पाण्यात वाढतो आणि दिवसा गोठ्यात बसतो. दुसरा डोंगरउतारावरील संथ वाहत्या स्वच्छ ओढ्याच्या काठी वाढतो. स्टीफेन्सायची तऱ्हा आणखी निराळी. त्याला शहर मानवते : विहिरी, हौद, गच्चीवरील टाक्या, पिंपे आणि आता कूलर. तेव्हा डास ओळखला म्हणजे पाणी ओळखले, आणि पाणी ओळखले म्हणजे कुदळ कोठे मारावयाची व कोठे मारावयाची नाही हे समजले. डासांच्या नकाशाचे खरे मोल हेच आहे. देशातील सर्व डबकी बुजविणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. दोषी डबकी कोणती, एवढे कळले तर काही तरी शक्य होते.

हे कळण्यापूर्वी काय घडते याचा दाखला लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत मिळाला. १९०२ पासून तेथे डासनिर्मूलनाचा प्रसिद्ध प्रयोग झाला. छावणीतून कालव्याचे पाट फिरत होते. काही पाट बुजविले, डबक्यांवर तेल ओतले, रोग्यांस क्विनाइन दिले. तरी ताप हटला नाही. १९०९ मध्ये सिमल्यास हिवतापावर परिषद भरली तेव्हा मियाँमीरच्या अपयशावर दोन्ही बाजूंनी वाद झाले. डासांशी झुंजणे व्यर्थ आहे असे एक पक्ष म्हणे. काम अपुरे आणि अपुऱ्या पैशात झाले असे रॉस यांच्यासारखे म्हणत. आज मागे वळून पाहता या वादाचे मूळ स्पष्ट दिसते. आसपासच्या मुलखातून डास किती येतात, किती अंतरावरून येतात आणि कोणत्या पाण्यातून येतात, याची पुरेशी मोजदाद त्या वेळी हाती नव्हती. नकाशावाचून लढलेली ती लढाई होती.

त्याच सुमारास, १९०८ मध्ये, पंजाब आणि संयुक्त प्रांतात तापाची भयंकर साथ उसळली. आम्ही आज राहतो तो अवधचा मुलूखही त्या प्रांतातच होता. क्रिस्टोफर्स यांनी पंजाबातील या साथीचा अभ्यास करून १९११ मध्ये अहवाल दिला. गावोगाव लहान मुलांच्या पोटावर हात ठेवून वाढलेली पाणथरी मोजावयाची, मृत्यूच्या नोंदी पाहावयाच्या आणि दोन्ही नकाशावर मांडावयाच्या, अशी त्यांची पद्धत होती. त्यातून दोन कारणे पुढे आली. पहिले अपेक्षित होते : पावसाळ्यातील अतिवृष्टी. दुसरे मात्र प्रशासकांना अस्वस्थ करणारे होते : धान्याची महागाई. साथीपूर्वी दुष्काळ व टंचाई पडलेली होती. अर्धपोटी माणसे तापापुढे टिकाव धरू शकली नाहीत. डासाचा नकाशा काढता काढता भुकेचा नकाशा हाती लागला. महसुली नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांनी हे वाक्य एकदा थांबून वाचावे अशी आमची विनंती आहे. १९२१ पासून गिल यांनी पाऊस, धान्याचे भाव आणि पाणथरीचे प्रमाण यांवरून पंजाबात साथीचे भाकीत आगाऊ करावयास सुरुवात केली, ती याच पायावर.

पुढील काळात या नोंदींना व्यवस्था आली. १९२६ मध्ये क्रिस्टोफर्स आणि सिंटन यांनी संपूर्ण हिंदुस्थानचा हिवतापाचा नकाशा प्रसिद्ध केला. पाच हजार फुटांवरील थंड प्रदेश रोगमुक्त. जंगली डोंगर आणि तराई कायमची ग्रासलेली. वायव्येकडील मैदाने एरवी शांत, पण साथ आली म्हणजे उजाड होणारी : असे देशाचे पट्टे त्यात प्रथमच एका दृष्टिक्षेपात दिसले. १९२७ मध्ये कसौलीस ‘मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि सिंटन तिचे पहिले संचालक झाले. रणांगणावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून पुढे रॉयल सोसायटीचे सभासदत्वही मिळविणारे ते एकमेव पुरुष. १९३३ मध्ये क्रिस्टोफर्स यांचा ॲनॉफेलीसवरील बृहद्ग्रंथ निघाला, आणि पुरी यांनी अळ्यांच्या ओळखीवर व देशभरातील त्यांच्या विभागणीवर केलेले काम अनेक वर्षे प्रयोगशाळांतून प्रमाण मानले गेले.

मुंबईची हकीकत आम्हांस अधिक जवळची आहे. १९११ मध्ये बेंटली यांनी तेथील हिवतापाची पाहणी करून अहवाल सादर केला. मुंबईस ना भातशेती, ना तराई; मग ताप येतो कोठून? उत्तर घराघरांच्या विहिरींत सापडले. एलिचपुरास प्रथम नोंदलेला तोच स्टीफेन्साय शहराच्या विहिरींत आणि हौदांत सुखाने नांदत होता. विहिरी झाका असे म्हणताच विरोध उठला, आणि तो निव्वळ हट्टाचा नव्हता. ज्या पाण्याला सूर्यकिरणांचा स्पर्श होतो तेच धर्मकार्यास चालते, अशी अनेकांची श्रद्धा होती. पिढ्यान् पिढ्या जपलेली विहीर म्हणजे घरातले एक माणूसच. तिचे तोंड बंद करण्याचा हुकूम परक्या भाषेतील कागदावर यावा, हे कोणास रुचेल? या प्रश्नाची धग पुढे दीर्घ काळ राहिली. १९२८ मध्ये कॉव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापावर पुन्हा अहवाल लिहिला तेव्हाही विहिरी आणि टाक्या हाच त्याचा गाभा होता. नकाशावर टिंब काढणे सोपे असते. त्या टिंबाच्या ठिकाणी कोणाचे तरी अंगण असते.

मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकास, कारवार-शिरसीच्या डोंगरी मुलखात, अपराधी निराळा होता : ओढ्याकाठचा फ्लुव्हिॲटिलिस. तेथे विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी रामचंद्र राव यांनी काम केले. १९४६ च्या सुमारास कानडा आणि धारवाड जिल्ह्यांतील खेड्यांत डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि अल्पावधीत तापाचे प्रमाण इतके घटले, की पुढील देशव्यापी योजनेस त्या अनुभवाचा मोठा आधार मिळाला. इकडे लखनौच्या उत्तरेस, हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेली तराई शतकानुशतके तापाच्या भीतीने ओसाड होती. स्वातंत्र्यानंतर तेथे नव्या वसाहती झाल्या, त्या फवारणीच्या बळावर. तराईतील एक प्रमुख अपराधी ‘मिनिमस’ त्यानंतर तेथून दिसेनासाच झाला.

एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना सुरू झाली. त्यापूर्वी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी माणसांना हा ताप येई आणि सुमारे आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन त्या जागी ‘निर्मूलन’ आला. १९६५ मध्ये रोग्यांची नोंद एक लाखाच्या आसपास उतरली आणि मृत्यूच्या रकान्यात शून्य पडले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अशा विजयाची उदाहरणे थोडी आहेत.

आणि येथेच घात झाला. शून्याचा एक स्वभाव आपण सरकारी माणसे चांगले जाणतो : ज्या रकान्यात शून्य पडते त्याच्यासाठी पुढील वर्षी पैसा मागणे कठीण होते. लक्ष उडाले, औषधांचा पुरवठा अपुरा पडू लागला, शहरांकडे योजनेचे पुरेसे ध्यान नव्हते. दरम्यान डासही बदलत होते. क्युलिसिफेसीसला डीडीटी बाधेनासे झाल्याची पहिली चिन्हे १९५९ मध्ये पंचमहाल जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यातच, दिसली होती. १९७६ मध्ये रोग्यांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. दुसऱ्या वर्षी निर्मूलनाची भाषा बाजूस ठेवून सुधारित योजना आखावी लागली. नकाशा एकदा काढला आणि भिंतीवर टांगला म्हणजे काम झाले, ही समजूत देशाला किती महाग पडली याचा हा हिशेब आहे.

नकाशा चुकीचा नव्हता. तो जुना झाला होता, आणि काही अंशी ढोबळही होता. ज्याला आपण एक क्युलिसिफेसीस म्हणत आलो तो एक नव्हेच, हे १९८० पासून उघड होऊ लागले. डासाच्या मादीच्या बीजांडातील पेशींची मोठी गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता त्यांवरील पट्ट्यांची मांडणी निरनिराळी आढळली. बाहेरून हुबेहूब सारख्या, पण आपसांत संकर न करणाऱ्या अशा प्रथम दोन, आणि पुढील दोन दशकांत एकूण पाच भावंडजाती निश्चित झाल्या. या कामात दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. त्यांपैकी ‘बी’ ही जात गुरांचे रक्त अधिक पसंत करते आणि हिवताप पसरविण्यात दुबळी आहे. अर्थ असा, की दोन गावांच्या गोठ्यांत सारखेच डास मिळाले तरी एका गावी ताप असेल आणि दुसऱ्या गावी नसेल. मियाँमीरच्या वेळचे वाद वाचताना हे आठवते आणि माणूस नम्र होतो. पुढे उपग्रहांनी टिपलेली जंगले, पाऊस आणि उष्णता संगणकावर एकत्र मांडून, कोणता डास कोठे असण्याचा संभव आहे याचे नकाशेही येथील शास्त्रज्ञांनी केले. तथापि उपग्रहाला गोठ्यात शिरता येत नाही. त्याने दाखविलेल्या जागी विजेरी आणि शोषनळी घेऊन कोणी तरी जावेच लागते, आणि एका माणसाने एका तासात किती डास पकडले, हेच माप अद्याप चालते.

लखनौचा या लढ्याशी संबंध केवळ भाडेकरूचा नाही. छत्तर मंझिलच्या जुन्या वास्तूत १९५१ मध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्था उघडली. तिने पुढे दुर्धर हिवतापावरील आर्टिथर हे औषध सिद्ध केले. ज्या वनस्पतीपासून ते बनते त्या आर्टेमिसियाच्या सुधारित वाणांवर कुकरैलजवळच्या औषधी वनस्पतींच्या संस्थेत काम झाले. ती संस्था आमच्या अलीगंजापासून फार दूर नाही.

आता अखेरची हकीकत. तीच आम्हांस सर्वांत विचार करावयास लावते. एलिचपूरचा स्टीफेन्साय दीर्घकाळ मुख्यतः हिंदुस्थान, इराण आणि अरबस्तानाकडील मुलखांपुरता होता. २०१२ मध्ये तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिबूतीत आढळला. त्या वर्षी त्या चिमुकल्या देशात हिवतापाचे अवघे सत्तावीस रोगी नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या त्र्याहत्तर हजारांवर गेली. २०१६ मध्ये तो इथिओपियात दिसला, पुढे सुदान आणि सोमालियातही. आफ्रिकेतील हिवताप तोवर मुख्यतः खेड्यांचा. हा डास मात्र शहरांचा, टाक्यांचा आणि पिंपांचा. तो फैलावल्यास आफ्रिकेतील शहरांतील आणखी सुमारे साडेबारा कोटी माणसे धोक्यात येतील, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये वर्तविला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला रोखण्यासाठी खास मोहीम जाहीर केली. आफ्रिकेच्या नकाशावर आज या डासाची टिंबे नव्याने मांडली जात आहेत, आणि त्या प्रत्येक टिंबाखालच्या नावाची पहिली नोंद आपल्या वऱ्हाडातील एका गावची आहे. आपल्याप्रमाणे त्याचीही बदली झाली म्हणावयाची. फरक एवढाच, की त्याने कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही.

भारताने २०३० पर्यंत हिवताप नाहीसा करण्याचे ध्येय ठेवले आहे. रोग्यांची संख्या पूर्वीच्या मानाने पुष्कळ उतरली आहे, आणि म्हणूनच १९६५ ची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. शेवटचा रोगी सापडला तरी डास येथेच असणार. शून्य लिहिल्यानंतरही पळी घेऊन दारी येणाऱ्या माणसाचे वेतन चालू ठेवावे लागेल, आणि त्या टिपणावर सही करणारा अधिकारी कदाचित या मासिकाचा वाचक असेल.

क्रिस्टोफर्स, लिस्टन, विश्वनाथन ही नावे ग्रंथांत राहिली. परंतु ज्या शेकडो माणसांनी पहाटे गोठ्यांत शिरून डास पकडले, ओढ्यात गुडघाभर उभे राहून अळ्या मोजल्या आणि कुपीला चिठ्ठ्या बांधल्या, त्यांची नावे कोणत्याही नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेली नाहीत. नकाशा मात्र त्या चिठ्ठ्यांचाच बनलेला आहे.

त्या दिवशी ते गृहस्थ निघाले तेव्हा आम्ही चहास थांबविले. त्यांनी नम्रपणे नकार दिला; अजून पुष्कळ घरे राहिली होती. फाटकाशी थांबून ते एवढेच म्हणाले, ‘‘हफ्ते में एक दिन सुखा दिया कीजिए, साहब.’’ तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही कूलर रिता करतो, घासतो आणि उन्हात सुकवितो. आमच्या घरापुरते नकाशावरचे ते टिंब पुसलेले राहावे, एवढीच त्यामागची इच्छा.